बीज, चूल आणि जठर

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या आपल्या गुरुजींनी मला विज्ञान शिकवले आणि मी मात्र पुढे जन्मभर मराठी शिकवले. म्हणजे त्यांच्या दृष्टीने मी हातून निसटलेला विद्यार्थी. अशा विद्यार्थ्याने त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत ‘सजीव आपले अन्न कसे मिळवतात आणि कसे पचवतात’ या विषयावर बोलावे, हे धाडसच आहे. संयोजकांनी मला वाङ्मयीन विषय घेण्याची मोकळीक दिली होती. मी आपण होऊन हा विषय मागून घेतला. त्यामागे एक जुने कारण आहे, ते ओघात सांगेन.

आपल्या उज्जैनला भैरवगडाजवळ क्षिप्रेच्या काठी सिद्धवट आहे. लहानपणी आम्ही आजीबरोबर तेथे जात असू. आजी वडाला दूध घालत असे. ‘वडाला भूक लागते का?’ असे मी एकदा तिला विचारले. ‘लागत असणारच, त्याशिवाय एवढा वाढेल कसा?’ असे तिने उत्तर दिले. पुढे सातवीत असताना तोच प्रश्न मी गुरुजींना विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी जास्वंदीची एक कुंडी वर्गाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली. दोन दिवसांनी ती बाहेर काढली, एका पानाच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला आणि कुंडी उन्हात ठेवली. संध्याकाळी ते पान खुडून आधी पाण्यात आणि मग स्पिरिटमध्ये उकळले. हिरवा रंग निघून गेला. त्या फिक्या पानावर आयोडीनचे थेंब टाकताच उघडा अर्धा भाग काळानिळा झाला. झाकलेला भाग तसाच पिवळट राहिला. गुरुजी म्हणाले, ‘बघ, काळं झालं तिथे पिष्ट आहे. हे त्याचं जेवण, आणि ते त्यानं स्वतः रांधलं आहे. वडाला दूध लागत नाही रे, ऊन लागतं.’

हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी ओढलेले पाणी आणि सूर्याचा प्रकाश यांपासून हरितद्रव्याच्या साहाय्याने पान साखर तयार करते. मातीतून क्षार घेते, पण आपले मुख्य अन्न ते स्वतःच घडवते. म्हणून वनस्पतींना ‘स्वयंपोषी’ म्हणतात. काही जीवाणूंनाही ही विद्या येते. बाकीचे आपण सारे ‘परपोषी’. भाषेचा अभ्यासक म्हणून मला या जोडीतला दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. माणूस ‘मी माझ्या कष्टाचे खातो’ असे म्हणतो. कष्ट त्याचे असतील, पण खाणे मात्र नेहमीच दुसऱ्या कोणी घडवलेले असते.

परक्याने घडवलेले अन्न आपलेसे करायचे तर आधी ते मोडावे लागते. पचन म्हणजे हे मोडणे. पिष्टाची साखर व्हावी लागते, प्रथिनांची अमिनो आम्ले व्हावी लागतात, स्निग्ध पदार्थांचे लहान घटक व्हावे लागतात. तेव्हाच ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात. डाळीचे प्रथिन जसेच्या तसे आपल्या अंगात जात नाही. ते सुटे होते आणि त्या सुट्या मण्यांतून शरीर आपले स्वतःचे प्रथिन पुन्हा ओवते.

हे मोडण्याचे काम प्रत्येक जीव आपापल्या रीतीने करतो. अमीबा अन्नकणाला चहूकडून वेढून पोटात घेतो. गाय गवत खाते, पण गवतातला सेल्युलोज मोडण्याची ताकद तिच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. तिच्या चार कप्प्यांच्या पोटात राहणारे असंख्य सूक्ष्मजीव ते काम करतात आणि गाय त्या कामाचे फळ घेते. पावसाळ्यात आपल्या माळव्यातल्या काळ्या जमिनीवर अळंबी उगवतात. त्यांची रीत आणखी निराळी. अळंबीला तोंड नाही, जठर नाही. तिचे तंतू कुजक्या लाकडावर आपले पाचकरस सोडतात, लाकूड बाहेरच मोडते आणि मग तयार झालेला रस ते शोषून घेतात. म्हणजे अळंबी आधी पचवते आणि मग खाते.

शरीराबाहेर पचवणारा असाच आणखी एक प्राणी आहे. तो म्हणजे माणूस. त्याच्या या बाहेरच्या जठराला आपण चूल म्हणतो.

हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. कच्च्या तांदळाचा दाणा चावून पाहा आणि शिजलेले शीत खाऊन पाहा. उष्णतेने आणि पाण्याने पिष्टाचे कण फुगतात, सैल होतात आणि आपल्या पाचकरसांना त्यांत शिरकाव मिळतो. अर्धे काम चुलीने केलेले असते. हार्वर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगहॅम यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, अन्न शिजवून खाण्यामुळेच माणसाचे दात व आतडी लहान झाली आणि मेंदू वाढू शकला. या मतावर विद्वानांत वाद आहेत. पण चूल हा पचनाचा भाग आहे, एवढे तर कोणालाही मान्य व्हावे.

मला स्वतःला ते एका चुकीतून कळले. हा विषय मी मागून घेतला त्याचे कारण ती चूक.

१९७६ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी नुकताच महाविद्यालयात अध्यापक झालो होतो आणि आपल्याला सारे कळते अशा वयात होतो. त्या वर्षांत माळव्याच्या शेतांत सोयाबीन शिरत होते. काळ्या सालीचा ‘कालीतूर’ वाण इकडे आधीपासून थोडाफार होता, पण साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने नवे वाण आणले आणि पुढच्या वीस वर्षांत माळव्याचा खरीप पालटून गेला. सोयाबीनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, मुगात असतात त्यापेक्षा कितीतरी अधिक, असे मी वाचले आणि भारावून गेलो.

माझी धाकटी बहीण तेव्हा मुदतीच्या तापातून उठली होती. हाडांचा सापळा झाला होता. आई तिला मुगाचे कढण आणि भाताची पेज देत होती. मला ते मागासलेपणाचे वाटले. मी बाजारातून सोयाबीन आणले, गिरणीतून कच्चेच दळून आणले आणि ते पीठ दुधात कालवून बहिणीला द्यायला सांगितले. आई म्हणाली, ‘अरे, नवं धान्य आहे. त्याचा स्वभाव माहीत नाही आपल्याला. आधी उकडून तरी बघू.’ मी तिला प्रथिनांचे आकडे ऐकवले. ती चौथी शिकलेली. आकड्यांपुढे गप्प बसली.

दोन दिवस बहिणीने ते घेतले. तिसऱ्या दिवशी पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. आधीच अशक्त झालेली मुलगी पार गळून गेली. त्या रात्री तिचे डोळे खोल गेलेले पाहून माझ्या हातापायांतले बळ गेले. मी डॉक्टरांकडे धावलो आणि तेथून गुरुजींच्या घरी. ते तसेच सायकलवरून आले. घरात आणखी एक गोष्ट चालली होती. जुलाब वाढतील म्हणून आईने बहिणीचे पाणी तोडले होते. गुरुजींनी ते ताबडतोब थांबवले. उकळून गार केलेल्या पाण्यात मोजून साखर आणि मीठ घालून चमच्याचमच्याने पाजायला लावले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले होते. ते गुरुजींच्या वाचनात होते. सकाळपर्यंत बहिणीने डोळे उघडले. त्यानंतर आठ दिवस आईने तिला पुन्हा पेज आणि कढणावर आणले.

मित्रहो, त्या रात्री आमच्या घरात दोन चुका झाल्या. एक शिकलेल्या मुलाची आणि एक न शिकलेल्या आईची. आईची चूक गुरुजींनी तेथल्या तेथे दुरुस्त केली आणि तिने ती मुकाट्याने स्वीकारली. माझी चूक समजायला मला त्यांच्याकडे चार रविवार जावे लागले.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला एकच वाक्य ऐकवले, ‘अरे, बी तुझ्यासाठी जन्माला आलेलं नाही. ते उगवण्यासाठी जन्माला आलेलं आहे.’ मग त्यांनी समजावून सांगितले. झाडाला पळता येत नाही. त्याने आपल्या रोपासाठी बियांत शिदोरी भरून ठेवलेली असते आणि तिच्यावर साऱ्या जगाचा डोळा असतो. म्हणून अनेक झाडे त्या शिदोरीला कुलूप घालतात. आपल्या स्वादुपिंडातून लहान आतड्यात जो रस येतो, त्यात ट्रिप्सिन नावाचे विकर असते; ते प्रथिने तोडते. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात नेमके या ट्रिप्सिनला धरून ठेवणारे द्रव्य असते. ट्रिप्सिन अडकले की समोर प्रथिने असूनही ती नीट तुटत नाहीत, आणि स्वादुपिंड बिचारे आणखी आणखी रस पाठवीत राहते. कच्च्या दाण्यात पोटाला त्रास देणारी इतरही द्रव्ये असतात. ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते की, कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही. तेच सोयाबीन शिजवून दिले की होते. ‘तुझे आकडे खरे होते,’ गुरुजी म्हणाले, ‘पण ते धान्यातले आकडे होते. अंगी लागतं ते वेगळं. कोठीत किती आहे आणि पोटाला किती मिळालं, यांत चूल उभी असते.’

मग त्यांनी एक नाव सांगितले, जे मराठीचा प्राध्यापक असूनही मी ऐकलेले नव्हते. ते होते डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत. १९११ साली जन्मल्या आपल्या शेजारच्या इंदूरला. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या परत फिरल्या नाहीत. अटी सोसून त्यांनी प्रवेश मिळवला आणि दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ सापडले. अन्नातून ऊर्जा मोकळी करताना जी साखळी चालते, तिच्यातला हा एक दुवा. म्हणजे अन्न घडवणारी वनस्पती ते अन्न वापरताना आपल्यासारखीच वागते. स्वयंपोषी आणि परपोषी येथे एका पंगतीला बसतात. १९३९ मध्ये कमलाबाईंना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परदेशात मोठे नाव मिळवता आले असते. त्या परत आल्या आणि गरिबाच्या ताटात काय आहे, याचा शोध घेत राहिल्या. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ताडा-माडाच्या नीरेवर संशोधन केले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आणि त्याच काळात, १९५० नंतरच्या दशकात, त्यांनी आपल्या देशातल्या खाद्यपदार्थांत हे ट्रिप्सिनरोधक द्रव्य कोठे कोठे आहे, ते तपासले. त्यांनी ज्या कडधान्यांवर विशेष काम केले, त्यांत आपल्या घरचे वाल होते.

वाल हा शब्द गुरुजींनी उच्चारला आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचे स्वयंपाकघर उभे राहिले. कोकणातून कोणी आले की आईसाठी कडवे वाल येत. आई ते रात्रभर भिजवी, फडक्यात बांधून मोड आणी, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोली आणि मग मऊ शिजवी. डाळिंब्यांची उसळ दोन दिवसांनी ताटात पडे. मी तिला विचारी, ‘एवढा खटाटोप कशाला?’ ती म्हणे, ‘नाहीतर बाधतात.’ आज कळते की भिजवल्याने आणि मोड आणल्याने कुलूप थोडे सैल होते, आणि खरे उघडते ते शिजवल्याने. आईला ट्रिप्सिन ठाऊक नव्हते. पण ‘बाधतात’ या एका क्रियापदात कित्येक पिढ्यांच्या बायकांचा अनुभव साठलेला होता. सोयाबीन तिला नवे होते, म्हणून तिने तोच नियम लावू पाहिला. ‘आधी उकडून तरी बघू’ हे तिचे वाक्य म्हणजे एक प्रयोगच होता, आणि तो मी होऊ दिला नाही.

येथे मला साहित्याचा अभ्यासक म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी म्हणजे दुर्गाबाई भागवत. ‘ऋतुचक्र’कार दुर्गाबाई, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. त्याही इंदूरच्याच. मी त्यांचे लेखन वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. पण त्यांची बहीण कोण, हे मला एका शाळामास्तरांनी सांगितले. संशोधनासाठी मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागात हिंडताना दुर्गाबाईंना अन्नातून विषबाधा झाली आणि त्या दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या. पुढे त्यांनी लोकसाहित्याइतक्याच आस्थेने स्वयंपाकावरही लिहिले. ‘खमंग’ हे त्यांचे पुस्तक अनेकांच्या घरी असेल. एक बहीण लोकांच्या जिभेवरचे आणि चुलीवरचे ज्ञान गोळा करीत होती, दुसरी अन्न परीक्षानळीत तपासून पाहत होती. आपण मात्र एकीला मराठीच्या तासाला नेले आणि दुसरीला विज्ञानाच्या तासालाही नेले नाही.

जुने ते सारे सोने, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हटले तर गुरुजींचा अपमान होईल. पाणी तोडण्याची आईची समजूतही परंपरेतूनच आली होती आणि ती जीवघेणी होती. चुलीपाशी साठलेल्या ज्ञानात धान्य आहे, तसे खडेही आहेत. ते निवडायला विज्ञानाची सूप लागते. पण सुपात काही घ्यायचेच नाही, असे ठरवले तर निवडणार काय? मी केले ते हेच.

आणि हा प्रश्न केवळ आमच्या घरापुरता नव्हता. आज माळवा देशाच्या सोयाबीनचे माहेर आहे. १९८७ पासून इंदूरला या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. उज्जैनहून कोणत्याही दिशेला निघा, श्रावणात दुतर्फा सोयाबीनच दिसते. त्यातले तेल आपण काढून घेतो. प्रथिनांनी भरलेली पेंड उरते, ती बरीचशी कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते आणि परदेशीही जाते. शेतकऱ्याला पैसा मिळतो, त्याला माझी ना नाही. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या मध्य प्रदेशातल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. त्याची कारणे अनेक आहेत. आईचे कुपोषण, अस्वच्छ पाणी, वारंवार होणारे आजार. पण ज्या भूमीतून एवढी प्रथिने निघतात, तिथल्या मुलाच्या अंगी ती का लागत नाहीत, हा प्रश्न आपल्याला टोचला पाहिजे. गुरुजींचे वाक्य येथेही लागू पडते. कोठीत किती आहे, याने पोट भरत नाही. कोठी आणि पोट यांच्यामध्ये चूल उभी असते, आणि चुलीपाशी जी उभी असते तिला वेळ, सरपण, पाणी आणि माहिती मिळाली आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

म्हणून शाळेपुढे एक लहानशी सूचना ठेवतो. आठवी-नववीच्या मुलामुलींनी वर्षभर एक वही ठेवावी. घरात कोणते धान्य भिजवतात, किती वेळ, का. काय आंबवतात, काय भाजतात, काय एकत्र खाऊ नये म्हणतात, हे आईला, आजीला, आणि घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे. मुलांनीही लिहावे, हे मुलींचे काम नव्हे. मग त्यातल्या ज्या गोष्टी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासता येतील त्या तपासाव्यात. मराठीच्या शिक्षकांनी शब्द तपासावेत, विज्ञानाच्या शिक्षकांनी गुण. काही समजुती खऱ्या निघतील, काही खोट्या. दोन्ही निकाल त्या वहीत सारख्याच स्वच्छ अक्षरांत लिहावेत. पहिल्या वर्षीच्या वह्यांचा खर्च मी उचलीन. ती माझी गुरुदक्षिणा समजावी.

माझी बहीण आज आजी आहे आणि आजच्या सभेला पुढच्या रांगेत बसली आहे. तिने मला केव्हाच क्षमा केली. आईला मात्र मी कधी काही म्हणालो नाही. त्या काळी मुलगा आईची क्षमा मागत नसे आणि आईही ती अपेक्षित नसे. १९७६ नंतरही तिने पुष्कळ वर्षे माझे ताट वाढले. एकदा सोयाबीन उकडून, सोलून त्याची उसळ केली होती. ‘बघ, आता बाधतंय का’ एवढेच म्हणाली. ती उसळ मी दोनदा मागून घेतली. तिला ते पुरेसे वाटले असावे, असे मी मनाला समजावत आलो आहे.

गुरुजींनी मला पान उकळून वडाचे जेवण दाखवले आणि त्याच हाताने माझा गर्वही उतरवला.